फटीची पारख

मिग-21च्या प्लास्टिक मॉडेलचे धड दोन अर्धुकांत येते, एक डावे आणि एक उजवे. ती एकमेकांना भिडवून, सांध्यात पातळ सिमेंट सोडून, रात्रभर रबरबँडने आवळून ठेवावीत आणि सकाळी सोडून खिडकीशी न्यावीत, की वैमानिकाच्या कक्षामागून निघून थेट शेपटीपर्यंत गेलेली एक रेघ आपल्याला दिसते. पाचगणीत सकाळचे ऊन दरीवरून तिरपे घरात येते, आणि त्या तिरप्या उन्हात ही रेघ जशी उघडी पडते तशी ट्यूबलाइटखाली कधी पडत नाही. काही ठिकाणी ती केसाएवढी बारीक असते, काही ठिकाणी नख अडकेल इतकी रुंद, आणि एखाद्या ठिकाणी फट अशी नसतेच, फक्त एक कड दुसरीपेक्षा किंचित वर आलेली असते. एकाच रेघेची ही तीन रूपे, आणि तिन्हींना एकच लांबी, म्हणजे फट भरण्याचा लगदा, चालत नाही. मॉडेल बांधण्याच्या छंदातला सर्वांत रसाळ भाग मला तरी इथेच सुरू झालेला वाटतो. तेव्हा आज या फटीपाशीच आपण जरा रेंगाळू.

आधी तिचे माप घेऊ. मॉडेल 1/72 प्रमाणातले असेल तर मिगच्या 7.15 मीटर पंखविस्ताराचे जेमतेम 10 सेंटिमीटर उरतात. अख्खे लढाऊ विमान तळहातावर मावते. पण हे प्रमाण विमानाला जितके लहान करते तितकेच दोषाला मोठे करते. अर्ध्या मिलिमीटरची फट 72 ने गुणली की 36 मिलिमीटरची होते, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पाठीवर दोन बोटे सहज आत जातील अशी चीर! कागदावर हा गुणाकार मांडावा लागतो. डोळा तो न सांगता करतो, आणि मनाला एवढेच कळवतो की हे विमान नाही, खेळणे आहे. पुण्याला कर्वे रस्त्यावरच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात आपण गाड्या पाहतो त्या हातभर दुरून आणि धावत्या. तिथे सारे दृश्य एकवटून समोर येते आणि बारीकसारीक जोड त्यात विरून जातात. विमानाच्या मॉडेलला ती सवलत नाही. ते स्थिर असते, हातात घेतले जाते, उलटेसुलटे फिरवले जाते. म्हणून त्याचा सांधा इतका बोलतो.

ही रेघ येते कुठून, तेही पाहून घेऊ. पॉलिस्टायरीन तापवून, दाबाने पोलादी साच्यात सोडून, थंड झाल्यावर साचा उघडून भाग काढायचे, ही रीत मॉडेलचे किट बनवणाऱ्या एअरफिक्सने 1950च्या दशकात आपले पहिले स्पिटफायर बाजारात आणले तेव्हापासून मुळात तीच आहे. साचा उघडायचा तर पोकळ धड एकसंध ओतता येत नाही. ते उभे चिरूनच ओतावे लागते. तेव्हा ही पाठीवरची रेघ विमानाची नव्हे, साच्याची. पण विमानाच्या स्वतःच्याही रेघा असतातच. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात 1960च्या दशकापासून मिग बांधली गेली. त्यांचे अंग म्हणजे पत्र्याला पत्रा जोडून, रिव्हेट ठोकून, तपासणीच्या झडपा ठेवून तयार झालेले कातडे. त्या प्रत्येक जोडाची, प्रत्येक झडपेची रेघ मॉडेलवर बारीक कोरलेली असते. साच्याची रेघ नाहीशी करायची, विमानाच्या रेघा जपायच्या. आणि गंमत अशी की पाठीच्या मध्यावर या दोन कुळांच्या रेघा एकमेकींना काटकोनात छेदतात. पहिली बुजवताना दुसऱ्या बुजतात. लांबीची निवड खऱ्या अर्थाने त्या छेदबिंदूंवर होते, हे एकदा ध्यानात आले की टेबलावरच्या बाटल्या आणि ट्यूबा आपल्याशी वेगळेच बोलू लागतात.

तरी बाटलीला हात घालण्याआधी एक सुख घ्यायचे राहते, ते म्हणजे लांबीची गरजच पडू न देण्याचे. अर्धुके कोरडीच एकमेकांवर ठेवून पाहावीत; कुठे आतल्या खुंटीने कड अडते, कुठे वैमानिकाच्या कक्षाची पेटी जराशी रुंद होऊन धड फाकवते, ते शोधावे आणि तेवढेच तासावे. मग पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवावा. केशाकर्षणाने सिमेंट स्वतःच फटीत धावत जाते, दोन्ही कडा क्षणभर मऊ होतात, आणि त्या क्षणी दोन्ही अंगांनी हलकासा दाब दिला की वितळलेल्या प्लास्टिकची एक सलग, चमकदार, अगदी बारीक वरंबी सांध्यावर उमटते. ती वरंबी पुसायची नाही. एकदोन दिवस तिला तिच्या वाटेने कठीण होऊ द्यायचे आणि मग धारदार पात्याने अलगद तासून काढायची. खाली उरतो तो सांधा स्वतःच्याच प्लास्टिकने भरलेला असतो. त्यात परके काहीच नसते, म्हणून तो पुढे आकसत नाही, तडकत नाही, रंगाखाली वेगळा दिसत नाही. जाणकार माणूस मॉडेलच्या पाठीवर बोट फिरवतो तेव्हा त्याला आधी हीच वरंबी साधली होती का याचा शोध घ्यायचा असतो.

पण साचे म्हातारे होतात, प्लास्टिक निवताना वाकते, आणि पंख धडाला मिळतो त्या मुळाशी तर नव्या साच्याचीही खात्री नसते. तिथे लांबी लागतेच. मग निवड कशाच्या आधारे करायची? किमतीच्या नाही, नावाच्या नाही, वाळण्याच्या वेगाच्याही नाही. पहिला निकष कठिणपणाचा. भरलेला पदार्थ आणि भोवतालचे पॉलिस्टायरीन ही दोन्ही पॉलिशपेपरखाली सारख्या गतीने झिजली पाहिजेत. लांबी मऊ असेल तर कागद तिला आधी खातो आणि फटीच्या जागी उथळ पन्हळ उरते; लांबी कठीण असेल तर भोवतालचे प्लास्टिक आधी झिजते आणि फटीच्या जागी उंचवटा राहतो. दोन्ही दोष बोटाला जाणवणार नाहीत इतके सूक्ष्म असू शकतात, पण चकचकीत रंगाखाली दोन्ही ओरडून सांगतात. या एका निकषाने साऱ्या लांब्यांकडे पाहिले की प्रत्येकीचा स्वभाव आपोआप उलगडत जातो.

सर्वांत जुनी ओळख ट्यूबमधल्या राखाडी पुट्टीची. तामियाची ट्यूब परदेशी, पण तिची भावकी आपल्या ओळखीची आहे. वाई-साताऱ्याच्या कोणत्याही गॅरेजात मोटारीचा पोचा काढल्यावर डेंटर पातळ पात्याने जी एनसी पुट्टी ओढतो, ती याच कुळातली. झाकण उघडताच थिनरचा तो तीव्र दर्प खोलीभर पसरतो, आणि खिडकी उघडी ठेवण्याचा शहाणपणा आपोआप सुचतो. या पुट्टीचे सौंदर्य तिच्या पोतात आहे. ती पात्यावर सलग ओढली जाते, कडेला पिसासारखी पातळ होत जाते, आणि घासली की तिचा स्पर्श मऊ रेशमी लागतो. पण तिच्यातला द्राव उडून जाताना ती आकसते. एकाच वेळी जाड थर दिला तर वरची साय धरते, आतला भाग ओला राहतो, आणि दडपलेला द्राव खालचे प्लास्टिकच मऊ करतो. म्हणून ती उथळ आणि रुंद खोलगटाला द्यावी, पातळ थरांनी द्यावी, आणि दोन थरांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. सांध्याच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेप लावून मधल्या अरुंद वाटेत ती भरायची आणि ओली असतानाच टेप उचलायची, यात जी सफाई आहे ती पाहण्यासारखी. दोन कोरीव रेघांच्या मधोमध नेमकी तेवढीच राखाडी पट्टी उरते. शेजारच्या रिव्हेटाला तिचा स्पर्शही झालेला नसतो.

याच कुळातली पण कमालीची नाजूक मंडळी म्हणजे बाटलीतले सर्फेसर. जपानी मिस्टर सर्फेसरच्या बाटल्यांवर 500, 1000, 1200 असे आकडे असतात. आकडा चढतो तसा कण बारीक होत जातो. केसाएवढ्या रेघेवर 500 चा एक ब्रश ओढायचा, तो सुकला की कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून आडवी फिरवायची. वर सांडलेले सारे निघून जाते आणि फटीत उतरलेले तेवढे राहते. पॉलिशपेपरला हातच लावायचा नाही! जिथे आजूबाजूला बारीक नक्षी आहे, जिथे घासणे म्हणजे नुकसान, तिथे ही युक्ती इतकी समाधान देते की भरण्यापेक्षा पुसण्यातच कला आहे असे वाटू लागते.

आता फेविक्विकच्या जातीच्या चिकटाकडे वळू. सायनोअॅक्रिलेट हे त्याचे रासायनिक नाव. दुसऱ्या महायुद्धात बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांच्या हाती ते लागले आणि फारच चिकट म्हणून बाजूला पडले. 1951 मध्ये जेट विमानांच्या काचेसारख्या छतांसाठी उष्णता सोसणारे द्रव्य शोधताना ते पुन्हा समोर आले, आणि 1958 मध्ये बाजारात गेले. विमानाशी त्याची सोयरीक अशी जन्माची आहे. लांबी म्हणून त्याचे वैशिष्ट्य असे की ते आकसत नाही. खोल, अरुंद फटीत ते थेंबाथेंबाने उतरते, तळापर्यंत जाते आणि तिथेच काचेसारखे बसते. त्यावर कोरलेली रेघ कुसकरत नाही. राखाडी पुट्टीत सुई घातली की कडा भुरभुरतात, इथे मात्र त्या धारदार राहतात. पाठीवरच्या त्या छेदबिंदूंना, जिथे विमानाची रेघ नव्याने कोरायची आहे, याहून चांगला सोबती नाही. अट एकच, वेळेची. तासाभरात घासायला घेतले तर ते प्लास्टिकच्या बरोबरीने झिजते. दुसऱ्या दिवसावर टाकले तर ते इतके कठीण होते की भोवतालचे प्लास्टिक झिजून जाते आणि हे तसेच उभे राहते. त्यात चिमूटभर टाल्कम पावडर मिसळली की मात्र त्याचा ताठा उतरतो. तोंडाला लावायची ती पांढरी पावडर मिगच्या पाठीत जाऊन बसते, आणि तासता येईल असा एक नवाच दगड तयार होतो.

याच चिकटाच्या जन्मकथेत दडलेला एक विनोद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जेटच्या पारदर्शक छताचा शोध घेताना जे हाती लागले, तेच मॉडेलच्या पारदर्शक छताचे मोठे वैरी ठरते. त्याची वाफ बंदिस्त जागेत साचली की स्वच्छ प्लास्टिकवर दुधी पापुद्रा धरते, आणि वैमानिक धुक्यात बसल्यासारखा दिसतो. म्हणून कक्षाच्या काचेभोवतीची फट भरताना आपण निमूटपणे फेविकॉलकडे वळतो. सुतारकामाचा तो पांढरा, पाण्यात विरघळणारा गोंद बारीक काडीने फटीत सोडायचा, ओलसर बोटाने एकदा पुसायचा, आणि विसरून जायचे. सुकताना तो पारदर्शक होतो, काचेच्या चौकटीत मिसळून जातो, आणि चूक झालीच तर पाण्याने निघतो. पाण्यात धुता येणाऱ्या अॅक्रिलिक पुट्टीही याच सौम्य वृत्तीच्या. त्यांना घासायला गेले तर त्या चुरगळतात, त्यांच्यावर रेघ कोरवत नाही. पण जिथे फक्त भरून पुसायचे आहे तिथे त्यांच्याइतके निरुपद्रवी कोणी नाही.

आणि मग येते ती माझी आवडती लांबी, जी कोणत्याही दुकानात मिळत नाही. किटमधले भाग ज्या चौकटीला जोडून येतात त्या स्प्रूचे उरलेले तुकडे बारीक कातरून पातळ सिमेंटच्या बाटलीत टाकायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी बाटलीत त्याच विमानाच्या, त्याच रंगाच्या प्लास्टिकचा घट्ट रस तयार असतो. निष्णात रफूगार कापडाच्या आतल्या दुमडीतूनच धागा काढून फाटलेली जागा विणतो. तसेच हे, विमानाचीच भरणी विमानाला. सुकल्यावर कठिणपणा तोच, रंग तोच, कागदाखाली झिजणे तेच, सुईखाली कोरले जाणे तेच. निकषांच्या साऱ्या कसोट्यांवर ती पहिली येते, फक्त एक सोडून, आणि ती कसोटी धीराची. आतला द्राव बाहेर पडायला दिवस लागतात. जाड भरली तर आठवडाही पुरत नाही, आणि घाईने घासली तर पुढे कित्येक दिवसांनी, रंग चढल्यावर, ती हळूच खाली बसते. जो थांबू शकतो त्याच्यासाठीच ती आहे.

पंखाच्या मुळाशी मात्र या साऱ्यांचा निरुपाय होतो. तिथे फट रुंद, तिचा आकार वळणदार, आणि शेजारी घासायला जागा नाही. तिथे दोन भागांची इपॉक्सी हवी; वेल्समध्ये बनणारे मिलिपुट असो किंवा आपल्याकडे नळाची गळती थांबवायला घरोघर असते ते एम-सील. दोन्ही रंगांच्या कांड्यांतून सारखे तुकडे घेऊन, रंग एकजीव होईपर्यंत बोटांनी मळायचे, बारीक वळी करायची, फटीत दाबायची, आणि मग पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती फिरवत जायची. प्रत्येक फेरीत पंखावरचा पांढरा धूसर पट्टा विरळ होत जातो, काडी करडी होत जाते, आणि अखेरीस पंख धडातूनच उगवला असावा अशी एक गोलाई तिथे उरते. बारीक कणांच्या मिलिपुटला हे जितके सुरेख साधते तितके एम-सीलला साधत नाही, कारण त्याचा कण जाड आणि मूळ हेतू वेगळा. पण मोठ्या पोकळीचा आतला आधार म्हणून एम-सील आणि वरून सर्फेसरचा हलका थर, ही जोडी फारशी कोणी नाकारणार नाही.

आतापर्यंत आपण फटीकडे पाहिले, पदार्थाकडे पाहिले. पाचगणीत तिसरी बाजू हवेची. सुमारे 1300 मीटर उंचीवरचे हे गाव आहे. महाबळेश्वर इथून 18-20 किलोमीटरवर, आणि त्याच्या मानाने आपल्याकडे पाऊस बराच कमी. तरी जुलैत टेबललँडच्या पठारावरून उतरणारे धुके दार उघडे दिसले की घरात येऊन बसते. अशा दिवशी अॅक्रिलिक पुट्टी सुकायचे नावच घेत नाही, कारण तिच्यातल्या पाण्याला जायला कोरडी हवाच नसते. उलट सायनोअॅक्रिलेट ओलाव्यानेच घट्ट होते. त्यामुळे मार्चच्या कोरड्या दुपारी जे रेंगाळते तेच श्रावणात डोळ्यांदेखत बसते, आणि दुधी पापुद्राही तितक्याच उत्साहाने धरते. इपॉक्सीला ओलाव्याचे फारसे काही नाही, तिला उष्णता लागते. डिसेंबरातल्या रात्री पारा उतरला की ती सुस्तावते आणि टेबललॅम्पच्या उबेजवळ ठेवली की पुन्हा अंगात येते. मुंबईत छापलेल्या आणि जपानच्या शिझुओकात लिहिलेल्या सूचनांत वाळण्याचा काळ तासांत दिलेला असतो. इथे तो महिन्यांच्या नावांनी सांगावा लागतो. फट तीच, किट तेच, पण वैशाखातली योग्य लांबी आषाढात योग्य राहत नाही. निवडीत ऋतू असा येऊन मिसळतो, आणि एका टेबलावरच्या एकट्या उद्योगाला सह्याद्रीच्या साऱ्या हवामानाची साथ मिळते.

निवडीचा शेवटचा शब्द मात्र रंगाचा असतो. तो शेवटी येतो आणि सर्वांत आधी ठरवावा लागतो. भारतीय हवाई दलात मिग-21 आले 1963 साली आणि निवृत्त झाले 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला. साठाहून अधिक वर्षांच्या त्या मुक्कामात त्याने नाना रंग घेतले, पण सुरुवातीची मिग उघड्या धातूच्या अंगाने उडत. हिरव्या-तपकिरी छटांचे मॉडेल करायचे असेल तर त्या मळकट, निस्तेज रंगाखाली थोडी पन्हळ, थोडा उंचवटा खपून जातो. राखाडी पुट्टीही चालून जाते. उघड्या धातूचे मॉडेल करायचे असेल तर मात्र चंदेरी रंगाचा आरसा कोणालाच पाठीशी घालत नाही. लांबीचा कण, प्लास्टिकचा कण, घासण्याचा एखादा ओरखडा, सारे त्यात उमटते. म्हणून चंदेरी मिगच्या पाठीला स्प्रूचा रस किंवा सायनोअॅक्रिलेटच हवे, आणि वॉटर पेपरच्या चढत्या नंबरांनी पाणी लावून ती जागा काचेइतकी गुळगुळीत झाली पाहिजे. पहिला चंदेरी हात मारून विमान उन्हात तिरपे धरायचे. उजेडाची रेघ पाठीवरून घरंगळत नाकापासून शेपटीपर्यंत कुठेही न अडखळता गेली, की जे सुख मिळते त्यासाठीच ही सारी उस्तवार असते.

आणि आता विमानांच्या खऱ्या सांध्यांकडे जाऊ, कारण चोखंदळपणाची कसोटी तिथे लागते. मेसरश्मिट 109 चे मॉडेल घ्या. त्याच्याही पाठीवर मधोमध रेघ असते, आणि सवयीने हात लांबीकडे जातो. पण खऱ्या 109 च्या धडाचा मागचा भाग डाव्या-उजव्या अर्धुकांतच बांधून वरखाली जोडलेला असे. ती रेघ साच्याची असून विमानाचीही आहे! ती पूर्ण बुजवणारा विमानाचे सत्य बुजवतो. तिथे फट भरून बारीक रेघ परत कोरणे हेच उचित. मस्टँगचे नेमके उलट. त्याच्या पंखावर किटवाल्याने मोठ्या निष्ठेने रिव्हेटांच्या ओळी कोरलेल्या असतात, आणि खऱ्या मस्टँगच्या कारखान्यात पंखाच्या पुढच्या भागातले जोड आणि रिव्हेट पुट्टीने भरून, घासून, रंगवून नाहीसे केलेले असत, हवा त्या पंखावरून विनाअडथळा वाहावी म्हणून. म्हणजे तिथे लांबी भरणारा माणूस दोष लपवत नसतो. उत्तर अमेरिकेतल्या त्या कारखान्यातल्या कारागिराचेच काम 72 पट लहान हाताने पुन्हा करत असतो.

मॉस्किटोपाशी तर मॉडेल आणि विमान यांतले अंतरच मिटते. 1940 च्या नोव्हेंबरात प्रथम उडालेले ते लाकडी विमान. त्याचे धड बर्चच्या प्लायमध्ये बाल्सा घालून, साच्यावर, उभ्या दोन अर्धुकांतच घडवत. अर्धुके उघडी असतानाच आतल्या तारा, नळ्या, उपकरणे बसवत आणि मग दोन्ही चिकटवून एक करत. आपण कक्षाची पेटी आत बसवून धड मिटतो तसेच, त्याच क्रमाने. वरून साऱ्या अंगावर मदापोलम नावाचे तलम सुती कापड ताणून बसवत, आणि सांधा त्याखाली जाई. ते नाव आले आंध्रातल्या नरसापूरजवळच्या गावावरून, आपल्या त्र्यंबकेश्वरी उगवलेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या मुलखातून. मॉस्किटोचा सांधा म्हणूनच मॉडेलवर संपूर्ण, निःशेष बुजवायचा; त्याच्या पाठीवर एकही रेघ उरता कामा नये.

आणि याच मॉस्किटोने हवेची गोष्टही मोठ्या किमतीने शिकवली. 1944 मध्ये भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांपैकी काही विमानांचे पंख हवेतच निकामी झाले, आणि वर्षअखेर ती विमाने उड्डाणातून थांबवावी लागली. आधी संशय गेला तो दमट हवेत गोंद सुटण्यावर. चौकशीत बोट ठेवले गेले ते सांध्यांच्या जोडणीवर, भाग एकमेकांना नीट न भिडल्यामुळे राहिलेल्या फटींवर. उपाय म्हणून पंखाच्या मुख्य तुळईवरचा कातड्याचा सांधा पंखाच्या लांबीभर प्लायवूडची पट्टी बसवून बंद केला गेला. आपल्या टेबलावर चुकलेल्या फटीची किंमत फार तर एक दुपार असते. तिथे ती माणसांच्या जिवाने मोजली गेली. लहान वस्तूंचे कौतुक करताना मोठ्या वस्तूंचा हा हिशेब मनात असला, की हातातली काडी जरा जास्त जबाबदारीने फिरते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी आपल्याला आपले मॉडेल अभिमानाने दाखवले, तर रंगाची, चिन्हांची, चाकांवरच्या मातीची तारीफ जरूर करावी; ती साऱ्यांनाच दिसते. पण नंतर परवानगी घेऊन विमान उलटे करावे, पोट वर घ्यावे, पंखाचे मूळ उजेडाकडे धरावे आणि पाठीवरची कोरीव रेघ मध्य ओलांडताना अखंड राहिली आहे का ते पाहावे. ती अखंड असेल तर विचारावे, “इथे काय वापरलंत?” बांधणाऱ्याचा चेहरा त्या एका प्रश्नाने जितका उजळतो तितका दहा शाबासक्यांनी उजळत नाही. मग तो लांबीचे नाव सांगेल, ती का निवडली ते सांगेल, दुसरी का टाकली ते सांगेल, पावसाचे गाऱ्हाणे सांगेल, आणि बोलता बोलता त्या विमानाचा सारा इतिहास सांगेल, कारण तो माहीत असल्याशिवाय कोणती रेघ ठेवायची आणि कोणती पुसायची हे त्याला ठरवताच आले नसते.